फिंचांची घरटी आणि आमची फजिती

फिंच, म्हणजे पिंजऱ्यातल्या इवल्या परदेशी चिमण्या, पाळणाऱ्याच्या घरात दोन ढीग कधी कमी होत नाहीत: घरट्याच्या काड्यांचा आणि किश्श्यांचा! आम्ही चौघे फिंचवाले हिंगोलीत माझ्या स्टेशनरीच्या दुकानात जमतो. गिऱ्हाईक वही मागतं, आणि आमची चर्चा कुणाच्या मादीनं कुठं अंडी घातली यावर. बायको म्हणते, "आधी स्वतःची पोरं कितवीत हायत ते सांगा." आता माणसानं काय काय लक्षात ठेवायचं?

*

आमच्यातले गुरुजी कडक सोवळ्याचे, पण पाखरं घरभर मोकळी. श्रावणीसाठी आणलेल्या नव्या जानव्यांचा जुडगा खुंटीवर होता. ऐन श्रावणीला खुंटी रिकामी! जानवी सगळी घरट्याच्या मडक्यात, वर मादी अंड्यांवर बसलेली. दारात यजमान ताटकळलेले.

काकू म्हणाल्या, "काढून आणा की!"

गुरुजी म्हणाले, "न्हाई जमत. तिथं सोयर लागलंय."

अंड्यातच मुंज झालेली ही जिल्ह्यातली पहिलीच पिल्लं!

*

सेनगावचे नामदेवराव शेतकरी. फिंचला सामान दिसलं की ती बांधतच सुटते, म्हणून अंडी घातली की काड्या देणं बंद करायचं, हे त्यांना आम्ही बजावलं होतं. ऐकतील तर शपथ! वर घरचा कापूस.

"आमी कापसावाले, आन लेकरं काथ्यावर निजवू? लोक काय म्हणतीन?"

रोज कापूस पडत गेला. जोडीनं पहिली अंडी कापसाखाली गाडली आणि वर नवी घातली. आम्ही कपाळाला हात लावला. नामदेवराव मात्र खूश.

"पाखरानं वरचा मजला चढवला, आमचं आजून पत्र्याचंच हाय!"

*

माझ्याकडचं काय सांगू? चांगलं मडकं टांगलं, काथ्या घातला, तरी मादीनं अंडी घातली ती राळ्याच्या वाटीत. मी चिडलो. आई म्हणाली, "बराबर हाय तिचं. बाळंतिणीला जेवण जवळच पायजे."

*

राहिले प्रकाशराव. कचेरीत कारकून. तिथं महिना महिना फाइल उघडत नाहीत, पण घरी दर तासाला मडक्यात बॅटरी मारून बघणार! दर वेळी जोडी घाबरून अंडी सोडायची, आणि सुनंदावहिनी खरोखर रडायच्या. एक तरी पिल्लू डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

शेवटी त्या कडाडल्या, "आता हात लावला तर गॅलरीत तुमी राहा, चिमण्या घरात राहतीन!"

या वेळी जोडीनं मडकंच सोडलं आणि जाळी लावलेल्या गॅलरीत टांगलेल्या हेल्मेटात घरटं केलं. हेल्मेटला हात लावायची सोय उरली नाही. दुसरं आणतो आणतो म्हणत प्रकाशराव एका लग्नाला तसेच निघाले. वारंगा फाट्यावर पोलिसानं गाडी अडवली.

"हेल्मेट कुठंय?"

"घरी. त्याच्यात चिमणीनं अंडी घातलीत."

"मी काय येडा दिसून राहिलो का?"

प्रकाशरावांनी तिथूनच वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. पोलीस फोनमध्ये डोकावून खेकसला, "दाखवा हेल्मेट!"

वहिनी कुजबुजल्या, "हळू बोला वो! ती बसलीय."

"व्हय वहिनी," पोलीसही कुजबुजला.

तेवढ्यात नर हेल्मेटातून बाहेर आला. चोचीत अर्धं फुटकं टरफल! वहिनींचं कुजबुजणं संपलं. "अवो, निघालं! पिल्लू निघालं!" तिकडे त्या रडायला लागल्या, इकडे भर फाट्यावर प्रकाशराव.

मागे एक ट्रक अडकला होता. ड्रायव्हरनं कर्कश हॉर्न दाबला. पोलीस गर्रकन वळला.

"हॉर्न काहून वाजवून राहिला बे? यांना लेकरू झालंय!"

हॉर्न थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"मुबारक हो भाऊ! पोरगा का पोरगी?"

प्रकाशरावांनी डोळे पुसले.

"पिसं आल्यावर कळंल."