जनरेटर चालू, वीज गायब

फिरत्या दवाखान्याच्या गाडीत काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत; डिझेलच्या वासासारखे ते अंगाला चिकटतात. कापसाचे ते वाईट दिवस. गावोगाव लोडशेडिंग, म्हणून गाडीला मागे जनरेटर. डॉक्टर मॅडम, सिस्टर, ड्रायव्हर शकीलभाई आणि औषधं वाटणारा मी. जनरेटरला एकच खोड होती. इंजिन झकास चालायचं, वीज मात्र यायची नाही!

*

बाभुळगावच्या शिबिरात पहिल्यांदा असं झालं. मॅडम म्हणाल्या, "अहो, आवाज तर येतोय!"

"मॅडम, पुढाऱ्याच्या भाषणातबी आवाजच येते!" शकीलभाई म्हणाले.

ब्रेकर, म्हणजे जनरेटरवरचा खटका, पडला होता. वर केला, दिवे लागले.

*

ढाणकीला गेलो, त्याआधी गाडी पावसाळाभर उभीच होती. असा पडून राहिलेला जनरेटर आपलं चुंबकत्व विसरतो; बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर टेकवून त्याला आठवण द्यावी लागते. शकीलभाईंनी वायरी टेकवल्या, त्याच क्षणी सिस्टरनी लिंबू उतरवलं. लागला की दिवा!

"पाहा!" दोघंही एकदम म्हणाले.

पुढे आम्ही बॅटरी आणि लिंबू दोन्ही न्यायचो. उगाच भांडण कशाला?

*

एका गावात बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीशी गाडी लावली. गाडी पुढे घेतली की दिवे, मागे घेतली की अंधार! इंजिनाचा सूर जराही बदलत नव्हता. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला.

एक म्हातारे बाबा शांतपणे बघत होते. "काहून त्या मशीनचा जीव खाऊन राह्यले? खांब पाहा ना."

विजेचे खांब सरळ येत येत जिनिंगपाशी लांब वळसा घालून गेले होते.

"लाइन काहून वळवली, बाबा?"

"सरळ टिकतच नव्हती!"

मॅडमनी गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितली.

*

हा किस्सा मात्र मी फारसा सांगत नाही. पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावर दिवेलागणीला नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, नातीला आणलं. श्वास अडकलेला, ओठ निळे. वाफेचं मशीन लावायचं, तर जनरेटर नुसता घुमतोय! तांड्यात वीज नाही, पुसद लांब. ब्रेकर ठीक होता. बॅटरी टेकवली, काही नाही. उरले ब्रश, म्हणजे जनरेटरच्या पोटातले कोळशाचे दोन तुकडे. ते जागेवर नसले तर साधा बल्बही लागत नाही. तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की लवकर सुरू व्हायचं नाही, म्हणून शकीलभाई ते चालू ठेवूनच ब्रश बघायला मागे जाऊन बसले. आत मी पोरीचा हात धरून होतो. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू!

आणि वाफेचं मशीन फुरफुरलं.

"आली, आली!" सिस्टर ओरडल्या.

पोरगी वाफ ओढत राहिली. हळूहळू ओठांवर रंग आला. शेवटी आईकडे बघून म्हणाली, "याडी, पाणी." नायक गाडीला टेकून ढसाढसा रडले.

मी धावत मागे गेलो. "शकीलभाई, जिंकलं तुम्ही! कसं काय जमवलं?"

"काय जमवलं?" त्यांनी वर न बघताच विचारलं. "थांब ना जरा. घासूनच राह्यलो अजून."

त्यांच्या एका हातात पॉलिश पेपर होता. दुसऱ्या तळहातावर दोन्ही ब्रश.