चोरीच्या पाण्याचा नमुना

मी सरकारी नोकरीत पाणी तपासते. नळाच्या, विहिरीच्या, खाडीच्या पाण्याचा दर्जा बघणारं आणि कुठल्या कंपनीने किती पाणी उचलायचं तेही ठरवणारं राज्याचं एक ऑफिस आहे, त्याच्या प्रयोगशाळेत. लोकांना वाटतं मी दिवसभर काचेच्या नळ्या हलवत बसते. खरं तर निम्मा वेळ भांडण्यात जातो आणि त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मी नवी मुंबईतल्या घणसोली गावातली. आमच्या घरात जेवताना मीठ मागायचं तरी आवाज चढवून मागतात.

जवळच्याच दिघ्याच्या एका गल्लीत काविळीचे पेशंट वाढल्याचं सरकारी दवाखान्याने कळवलं, तेव्हा साहेबांनी मला पाठवलं. गल्ली कंपन्यांच्या कुंपणाला अगदी चिकटून. माणसं बहुतेक मराठवाड्यातून आलेली, त्याच कंपन्यांत कंत्राटावर राबणारी. मी बाटल्यांची पेटी घेऊन पोचले तर पाणी नुकतंच गेलेलं. नियमाप्रमाणे बाटली थेट नळाखाली धरायची असते. पण एका मावशींनी हसतमुखाने हंडा पुढे केला.

"आत्ताच भरलंय म्याडम. गार हाय अजून."

या मावशी कामगारांना डबे करून द्यायच्या आणि गल्लीतलं कुणीच त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं, हे मला नंतर कळलं. पुढच्या घरांतही तसाच भरलेला हंडा तयार. वर चहा, चहाबरोबर खारी. नमुना घ्यायला आलेल्या सरकारी बाईचा एवढा पाहुणचार कुणी करत नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती, पण मी दुसरी खारी उचलली.

प्रयोगशाळेत सगळ्या बाटल्यांतलं पाणी एकसारखं निघालं आणि इतकं स्वच्छ, की मला हसूच फुटलं. क्षार जवळजवळ नाहीत, क्लोरीनचा मागमूस नाही. नळाचं पाणी असं नसतंच. दुकानातून विकत आणलेल्या जारचं फिल्टरचं पाणी हंड्यांत ओतून त्यांनी माझ्या हातात दिलं होतं. हसू ओसरलं तसा मला सणकून राग आला. घरातली पोरं पिवळी पडलीत आणि या बायकांना नाटकं सुचतात! नळाची वेळ विचारून घेतली आणि न सांगता पुन्हा गेले.

या वेळी सगळं उघड्यावर होतं. मावशींच्या ओट्याखालून एक काळा प्लास्टिकचा पाइप गटारातून गेला होता, सांध्यांवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. कंपन्यांकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनला भोक पाडून तो जोडला होता. पाणी आलं की सांधे गळायचे. पाणी गेलं की त्याच सांध्यांतून गटार आत शिरायचं.

"मावशी, मला येड्यात काढलंत."

"काढलं," मावशी म्हणाल्या. लाजल्याबिजल्या नाहीत. "तुमी खराब म्हणून लिवणार. मग ते येणार, पाइप तोडणार आन् निघून जाणार. खराब पाणी उकळून पिता येतं, म्याडम. नसलेलं पाणी कसं उकळू?"

मी वाकून पाइपचे सांधे बघायला लागले.

"ह्यो पाइप आमच्या मालकांनी टाकला," त्या पुढे म्हणाल्या. मालक म्हणजे त्यांचा नवरा. तो आता हयात नव्हता. "त्याच्या आदी बाया कळश्या घिऊन कंपनीच्या गेटवर हुभ्या ऱ्हायच्या. वाचमनच्या पाया पडायच्या."

कुंपणापलीकडे कंपनीच्या लॉनवर कारंज्यासारखं पाणी उडत होतं. त्या पाण्याची परवानगी आमच्याच ऑफिसची. इकडे गल्लीतल्या पाण्यासाठी आमच्याकडे एकच नियम होता: दूषित असेल तर ताबडतोब बंद करा. नियम काही चुकीचा नाही. पण बंद करायचं काम आमच्याकडे एका दिवसात होतं, सुरू करायच्या कामाची कुणाला घाई नसते.

"नमुना मी घेणारच," मी म्हटलं. "पोरांच्या पोटात गटार जातंय, ते मी लपवणार नाही. पण दुसरा नळ आल्याशिवाय हा पाइप कुणाला तोडू देणार नाही."

"तुमच्या हातात हाय का ते?"

"नाही."

"मंग?"

"तरीपण."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नळासमोरून बाजूला झाल्या. मी बाटली धरली.

निकाल अपेक्षेप्रमाणेच आला: मैल्यातले जंतू. मी अहवालात तो लिहिला आणि खाली एक वाक्य जोडलं, की पर्यायी पाणी मिळेपर्यंत हा पुरवठा तोडू नये, रहिवाशांनी तोवर पाणी उकळून प्यावं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. माणूस सज्जन, निवृत्तीला आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आपण दर्जा बघतो. कुणाला पाणी द्यायचं ते पाणीपुरवठा खातं बघेल. आणि चोरीच्या कनेक्शनला आपण संरक्षण द्यायचं? खोडा ते वाक्य."

"सर, कंपन्यांना किती पाणी द्यायचं ते आपणच ठरवतो ना? तेव्हा पाण्याचा हक्क आपल्या टेबलावर असतो. गल्लीचा विषय आला की तेवढा दुसऱ्याच्या टेबलावर जातो?"

"खोडा म्हणतो ना."

"नाही खोडणार, सर. सुनावणी लावा."

आवाज चढला होता माझा, बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. साहेबांनी सुनावणी लावली ती माझं पटलं म्हणून की कटकट नको म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

सुनावणीला मावशी गल्लीतल्या बायकांना घेऊन आमच्या ऑफिसचा जिना चढल्या. सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. सोबत एक कॅन होता, त्यात गटारातून येणारं तेच पाणी. आधी माझ्यापासून लपवलेलं पाणी आता त्यांनी आपण होऊन साहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं.

पाणीपुरवठा खात्याचा इंजिनिअर तरुण होता, घाईत होता. "कनेक्शनच अनधिकृत आहे, सर. चर्चा कसली करायची?"

"अनधिकृत हाय, मान्य," मावशी म्हणाल्या. "पर कावीळ तर अधिकृत हाय ना, सायेब? सरकारी दवाखान्याच्या शिक्क्याची हाय."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर मारून नेलं. मग कॅनचं झाकण उघडून वास घेतला. शेवटी त्यांनी आदेश सांगितला: आधी गल्लीला सार्वजनिक नळ, त्याच्या पाण्याची तपासणी, आणि मगच जुना पाइप तोडायचा. सार्वजनिक नळाच्या आधी "तात्पुरता" हा शब्द मात्र त्यांनी घातला. त्यावर मी भांडले, पण तेवढं मला जमलं नाही.

आदेश निघाला म्हणून नळ येत नाही. मी इंजिनिअरला फोन करत राहिले. माझा नंबर बघून तो उचलेना, तेव्हा लॅबच्या लँडलाइनवरून करायला लागले. मधल्या काळात गल्लीत घरोघरी पाणी उकळतंय ना, ते बघायला जात राहिले. मावशी आता खारी देत नव्हत्या, सरळ जेवायला बसवायच्या.

नळ बसला त्या दिवशी इंजिनिअर हार, नारळ आणि फोटो काढणारा माणूस घेऊन आला. पाइप तोडणारी माणसंही बरोबर होती. त्याने ग्लास भरून माझ्यापुढे धरला.

"मॅडम, पहिला घोट तुमचा. लोकांना विश्वास वाटेल."

"जंतूंचा रिपोर्ट यायचाय. तोवर मी पिणार नाही, कुणी न उकळता प्यायचं नाही, आणि पाइपला आज हात लावायचा नाही."

"अहो, आता तरी टेन्शन देऊ नका!"

"आदेश वाचा." मी बाटली भरली, पेटीत ठेवली आणि तो जाईपर्यंत तिथून हलले नाही.

रिपोर्ट चांगला आला. सांगायला मी स्वतः गेले. पाइप तोडणारी माणसं पुन्हा आली होती, पण मावशींनी त्यांच्या हातातून करवत काढून घेतली.

"आमच्या मालकांनी जोडला हाय. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

त्या गटाराच्या कडेला बसल्या आणि कापायला लागल्या. करवत घसरत होती, पण त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पाइप तुटला, थोडं काळं पाणी आलं आणि थांबलं. मावशी उठल्या, नव्या नळावर साबण लावून हात धुतले.

"ह्यो तात्पुरता हाय म्हणं. काढाया आले तर?"

"मला फोन करा."

"तुमची बदली झाली तर?"

बदली आमच्याकडे कुणाला चुकलेली नाही. खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

"तर तुम्ही या. ऑफिसचा जिना आता माहीत आहे तुम्हाला."

मावशींनी पदराला हात पुसले. "येऊ की," त्या म्हणाल्या, "समदी गल्ली घिऊन येऊ." आणि हंडे घेऊन रांगेला लागा म्हणून त्यांनी बायकांना हाक मारली.