आईला द्यायचं उत्तर

पेरू देशातल्या एका शिक्षिकेकडून मी शहाद्यात बसून ऑनलाइन स्पॅनिश शिकते. परवा तास चालू असताना तिच्या आईने आतून हाक मारली. तिने केचुआत, म्हणजे तिच्या घरच्या भाषेत, उत्तर दिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. तेवढ्यात आमच्याही स्वयंपाकघरातून मम्मीची मला हाक आली, "चला मॅडम, भाकर थंडी हुई ऱ्हायनी!"

आमच्याकडे सगळे अहिराणी बोलतात, मी सोडून. इंग्रजी शाळेत मागे पडेन म्हणून लहानपणी मम्मीनेच मला ती बोलू दिली नव्हती.

माइक बंद करून मी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, "उनू वं माय."

मग मोठ्याने म्हणाले, "आले, मम्मी."