चिकटलेली सात पानं

आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांत निदान दोन माणसं मेल्याशिवाय पब्लिक घरी जात नाही. दहा हंगाम मी त्या नाटकांचा प्रॉम्प्टर होतो. माझ्या तोंडून किती जण मेले ते मी मोजलं नाही, आणि ते सगळे पुढे गेले कुठे, हाही प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर मात्र मिळालं. कॅलिफोर्नियातल्या एका समुद्रकाठच्या लहान गावात, डोनटच्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून.

आधी माझं सांगतो. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. नाटक कंपनीच्या मालकाला न अडखळता वाचणारा पोरगा पाहिजे होता आणि मला वाचण्यापलीकडे काही येत नव्हतं. धान कापून झालं की आमच्या पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम. नट आज या गावी, उद्या त्या गावी. पाठांतराला वेळ कुणाला? म्हणून विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर अर्धा श्वास आधी वाक्य देतो आणि नट ते उचलतो. वाक्य लवकर दिलं तर नट चिडतो, उशिरा दिलं तर घाबरतो. आणि काहीही झालं तरी प्रॉम्प्टरनं उठायचं नाही, दिसायचं नाही.

मला न दिसणं चांगलं जमायचं. म्हणूनच कदाचित अमेरिकेतही जमलं. बायको नर्स आहे, तिच्या नोकरीवर आम्ही इथे आलो. माझ्या कागदांवर माझी ओळख एकच, तिच्यासोबत आलेला. दर पंधरा दिवसांनी किराण्याला आम्ही डोंगर ओलांडून फ्रीमाँटला जातो. तिथे एका गणपतीच्या जेवणात पुण्याच्या एका काकांनी विचारलं, "तुम्ही कशात आहात?"

"नाटकात होतो."

"अरे वा! ॲक्टर?"

"प्रॉम्प्टर."

"ओह." मग माझी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आता सगळं स्क्रीनवर येतं ना यार." आणि मला आणखी एक जिलबी वाढली.

मला काम दिलं ते डोनटवाल्या बाईंनी. वय बासष्ट, केस कापसासारखे. सर्टिफिकेट नाही, इंग्रजी कच्चं, असं सगळं मी आधीच सांगून टाकलं, कारण नंतर उघडं पडण्याची मला फार भीती वाटते. त्यांनी ॲप्रनला दोनदा हात पुसले आणि विचारलं, "पहाटे उठता येतं का?" मी म्हटलं, येतं. संपला इंटरव्ह्यू. आजही त्या दाराशी गेलो की मी चपला काढायच्या बेतात असतो.

पण ते दोनदा हात पुसणं मी ओळखलं होतं. बोलण्याआधी दोनदा पदराला हात पुसणारी एक नायिका मला ठाऊक होती.

तिची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण दोष माझा आहे. आमच्या एका नाटकात ती गरीब घरची पोर. दुसऱ्या अंकात साखरपुडा, मग लग्न, गाणी, आणि शेवटी गावचा पाटील तिला पेल्यातून विष देतो. हा पाटील भारी वाईट. येताजाता लोकांच्या धानाच्या तणसाच्या ढिगांना आगी लावतो. तर एका प्रयोगात माझ्या वहीवर चहा सांडलेला होता. आमच्याकडचा चहा म्हणजे पाकच. सात पानं एकमेकांना घट्ट चिकटली आणि मी साखरपुड्यावरून थेट विषावर गेलो. नायिकेनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग निमूट पेला घेतला आणि पडली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "अबे, तिचं लगन तं होऊ दे!"

नंतर मालकानं तिला विचारलं, तुला कळलं नाही का? ती म्हणाली, "कळलं. पण प्रॉम्प्टर म्हणाला मर, मी मेले."

तिचा माझ्यावरचा तो विश्वास मला अजून सलतो.

तर इथे बाईंचं दोनदा हात पुसणं बघितलं, आणि हळूहळू बाकीचेही दिसायला लागले. आमच्या नाटकातला आंधळा बाप इथे चष्म्याचं दुकान चालवतो. सगळं आटोपल्यावर शेवटच्या प्रवेशात धावत येणारा इन्स्पेक्टर इथे पार्सल वाटतो, आणि अजून उशिराच येतो. लोकांना हसवून हसवून लोळवणारा नोकर बँकेच्या खिडकीमागे बसलाय. या जन्मात तो एकदाही हसलेला मी पाहिला नाही. मागच्या जन्मी कोटा संपला असणार.

हे मी रोज घरी सांगायचो. बायको शिफ्टवरून आली की बूट काढता काढता विचारायची, "काहून जी, आज कोन सापडला?"

"पोहायला शिकवतो ना तो, तो आपल्या नाटकातला बुडून मेलेला भाऊ आहे."

"बरं झालं. शिकला म्हनायचं." मग म्हणायची, "तुमच्या डोक्यातली कंपनी काही सुटली नाई जी अजून."

एकदा बोलता बोलता बाईंसमोरही तोंडातून गेलं. वाटलं, आता नोकरी गेली. त्या तर टेबल बडवून हसल्या. तेव्हापासून रोज सकाळी गिऱ्हाईक बाहेर पडलं की हळूच विचारायच्या, "हनी, हा कोण होता?" आणि एक दिवस अर्थातच, "मी कोण होते?"

"नायिका."

"मग माझं काय झालं?"

"लग्न झालं. सुखात राहिलात," मी म्हटलं आणि घाईघाईनं ट्रे पुसायला घेतला.

"शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "माझे दोन साखरपुडे मोडलेत. लग्नापर्यंत मी कधी पोहोचलेच नाही."

मी तोच ट्रे पुन्हा पुसला.

त्यानंतर काही महिन्यांनी बाईंचं लग्न ठरलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नवरदेव कोण ते कळेपर्यंत. तो रोज सकाळी कोपऱ्यात बसणारा रिटायर्ड फायरमन. झुपकेदार मिशी, जाड भुवया, आणि बसताना उजवा हात मांडीवर असा ठेवायचा की मी पहिल्या दिवशीच ओळखला होता. पाटील! मागच्या जन्मी आगी लावल्या, म्हणून या जन्मी पस्तीस वर्षं विझवल्या, हे मला पटलेलं होतं. पण विष?

बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "होऊ द्या जी. मागल्या जन्मी त्यानं मारलं, या जन्मी भांडे घासन. फिटंफाट."

या फायरमनला दोन वर्षांपूर्वी मेंदूचा झटका आला होता. चालणं सुधारलं, पण शब्द ऐन वेळी पळायचे. कॉफी मागायची तर बोट दाखवायचा. आता त्याच्या मनात एकच गोष्ट होती. लग्नात सगळ्यांसमोर चार वाक्यं स्वतःच्या तोंडानं बोलायची. पाद्रीबाईंच्या मागून म्हटलेली नकोत, स्वतःची. नाही जमलं तर आयुष्यभर ती वाक्यं आपल्या आत अडकून राहतील, असं काहीसं त्यानं मला सांगितलं. ते सांगायला त्याला पाच मिनिटं लागली.

बाईंनीच त्याला सांगितलं होतं, की आपल्याकडे एक प्रॉम्प्टर आहे.

माझं इंग्रजी म्हणजे आठवीचं, त्यावर डोनटची साखर. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ज्या घरातून मला पहिला पगार मिळाला, त्या घरचं लग्न.

दुकानाच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर बसून आमच्या तालमी सुरू झाल्या. त्यानं लिहून आणलेला कागद मी वहीत माझ्या अक्षरात उतरवला. तो साधारण असा होता:

"मला आग विझवता येते, बोलता येत नाही. माझी पहिली बायको गेली तेव्हा तू रोज सकाळी माझ्या दारात दालचिनीचा एक डोनट ठेवायचीस आणि बेल न वाजवता जायचीस. मला दालचिनी आवडत नाही. तरी मी एकही टाकला नाही, कारण ज्या दिवशी टाकीन त्या दिवशी तू येणं थांबवशील असं वाटायचं. आता तू दार ठोठावून आत ये. एवढंच. आता मी बसतो."

मी त्याला अख्खं वाक्य द्यायचो नाही, पहिला शब्द द्यायचो. कधी अर्धाच. तो शब्द पकडून तो उभा राहायचा, जसा माणूस कठड्याला धरून जिना चढतो. त्याची एकच खोड होती. घाबरला की मधलं गाळून एकदम शेवटाला उडी मारायचा. तसं झालं की मी सवयीनं म्हणायचो, "पान राहिलं." आमच्या कंपनीत नट पुढे पळाला की हेच म्हणत. तो माझ्याकडून ते शिकला. आपणच उडी मारली की मिशीतून हसून म्हणायचा, "पान लायलं."

लग्न समुद्रकाठी, शनिवारी दुपारी. वाळूत खुर्च्या मांडलेल्या. चष्मेवाला आला होता, बँकवाला आला होता, पार्सलवाला यायचा होता. नवरदेवासाठी पुढे एक खुर्ची, आणि तिच्यामागे एक जुनी होडी उलटी घातलेली होती. मी होडीआड वही घेऊन बसलो. बायको शेवटच्या रांगेत नारिंगी रंगाची पैठणी नेसून. एवढ्या दुरूनही तिनं मला हातानं खुणावलं, शर्ट खोचा म्हणून.

वही मी सकाळी तीनदा तपासली होती. पान एकच, आणि चहा त्या दिवशी घेतलाच नव्हता.

पहिलं वाक्य त्यानं माझ्या मदतीशिवाय म्हटलं. दुसऱ्यात तो 'बेल'पाशी अडला. मी अर्धा शब्द दिला, त्यानं उचलला. बाईंचे डोळे भरून आले होते. मग त्यानं ठणठणीत आवाजात म्हटलं, "मला दालचिनी आवडत नाही."

आणि थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एवढंच. आता मी बसतो."

आणि खरंच बसला.

किनाऱ्यावर कुणी हललं नाही. पाद्रीबाई पुस्तकात काहीतरी शोधू लागल्या. बाईंनी पांढऱ्या झग्याला हात पुसले, एकदा. दुसऱ्यांदा पुसलेच नाहीत. हात तसेच राहिले.

पुन्हा तेच. पुन्हा माझ्या वहीतून हिचं लग्न गळत होतं, आणि ही पुन्हा निमूट उभी होती.

प्रॉम्प्टरनं उठायचं नाही. मी उठलो. होडीमागून एकदम वर आलो तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी किंकाळी फोडली. मी इंग्रजीत ओरडणार होतो, पण निघालं ते मराठीच. "पान राहिलं! अहो, पान राहिलं!"

शेवटच्या रांगेत माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला.

त्या सगळ्या गावात हे दोन शब्द कळणारा तिच्याखेरीज एकच माणूस होता. तो वळला. माझ्याकडे पाहिलं. मिशी हलली. "पान लायलं," तो म्हणाला आणि खुर्चीचा हात धरून पुन्हा उभा राहिला. मी होडीवर कोपरं टेकून, सगळ्यांना दिसत, त्याला शब्द दिला, "तरी." त्यानं तो घेतला. मग पुढचं सगळं, थांबत, गिळत, एकेक शब्द हाताला लागेल तसा. तू येणं थांबवशील असं वाटायचं, इथे त्याला वेळ लागला. मी शब्द दिला नाही. शब्द येतोय हे प्रॉम्प्टरला श्वासावरून कळतं. तो आला.

"आता तू दार ठोठावून आत ये," तो म्हणाला, तेव्हा बाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि बँकवालाही हसला. मी स्वतः पाहिलं. पार्सलवाला याच वेळी धापा टाकत पोहोचला आणि विचारू लागला, झालं का?

सोमवारी दुकान उघडताना मी बाईंना खरं सांगितलं. म्हटलं, मागच्या वेळी तुमचं लग्न झालं नव्हतं. माझ्या वहीची सात पानं चिकटली होती. तुम्ही साखरपुड्यावरून सरळ मेलात.

त्यांनी दोनदा हात पुसले. "म्हणून तू होडीमागून उठलास?"

"हो."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पिठाचं पोतं माझ्याकडे ढकललं. थोड्या वेळानं विचारलं, "आणि हा? हा कोण होता?"

कोपऱ्यात त्यांचा नवरा दालचिनीचा डोनट खात बसला होता, तोंड वाकडं करून.

"हा विनोदी नोकर होता," मी म्हटलं.

"वाटलंच मला!"

घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बरं केलं जी. सगळंच काय सांगाचं."

आता रोज सकाळी तो काउंटरच्या आत येतो, बाईंसाठी कॉफी ओततो आणि स्वतःच्या हातानं कप त्यांना देतो. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त त्या कप रिकामा करून खाली ठेवेपर्यंत मी ट्रे पुसता पुसता तिकडेच बघत असतो.