धावड्याचा धूर

आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखं नाक अख्ख्या आर्णी तालुक्यात दुसरं नसेल. दारात पाय ठेवण्याआधीच त्या धूर हुंगत आणि चुलीत काय जळतंय ते सांगत. शेजारणीने एकदा वर लोभान टाकून पाहिलं. जाऊबाई म्हणाल्या, "लोभान झ्याक हाय वं, पण खाली मोह जळून राह्यला!"

कापसाने मार दिलेली ती वर्षं. गाव सोयाबीनकडे वळलं आणि चुलीत घालायच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मिळेनाशा झाल्या. नेमक्या तेव्हाच जाऊबाई जंगल समितीच्या अध्यक्ष झाल्या. पडलेलं लाकूड वेचा, उभ्या झाडाला हात लावू नका. जो सापडेल त्याची कुऱ्हाड त्यांच्या पडवीत टांगलेली. परत हवी तर ग्रामसभेत उभं राहून काय तोडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बाया त्यांना शिव्या घालत आणि लेकीच्या बाळंतपणाला त्यांनाच बोलावत. बाहेरगावचे लोक जंगल बघायला येत. मी दहावी पास, त्या सहीपुरत्या. पण खुर्ची त्यांना आणि चहा माझ्याकडे. मला ते बोचायचं, खोटं कशाला बोलू?

दारव्ह्याचे पाहुणे माझ्या लेकीला पाहायला येणार, त्या दिवशी घरात सरपण नव्हतं. मी गुपचूप जंगलातल्या उभ्या धावड्याची फांदी तोडून आणली. पाहुणे बसलेले असताना जाऊबाई आल्या. नाक वर झालं. चोरट्या घरची पोरगी कोण करणार?

"धूर लय झाला वं," म्हणत त्या डोळे पुसत पाहुण्यांजवळ बसल्या आणि लेकीचं कौतुक करत राहिल्या. सोयरीक जमली. पाहुण्यांची जीप वळली तशी त्यांनी हात पुढे केला. "कुऱ्हाड आण."

ग्रामसभेत मी उभी राहिले. "धावडा तोडला," म्हणाले. कोणीतरी ओरडलं, "घरचीच हाय, जाऊ द्या ना बाई!"

"घरच्या बाईले सोडलं, तर तुले कोन्त्या तोंडानं धरू?" जाऊबाई म्हणाल्या.

सगळे हसले. लेक मात्र माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.

आता ती सासरहून फोन करते, तो आधी त्यांना. मोह पडायला लागला का, चारोळी कितपत धरली. हे सगळं मलाही माहीत असतं. पहाटे मीही जाते जंगलात. पण ती मला फक्त तब्येत विचारते.