मांडीवरचं जावळ

आमच्या घराण्यात माझी मांडी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात, आणि तीन बहिणींना भाऊ मी एकटाच. सात भाचरं या मांडीवर भोकाड पसरून गेली.

मला मात्र विशी उलटली तरी मिसरूड फुटेना. तपासणीत निघालं की गुणसूत्रांत एक एक्स जादा आहे. आयुष्यात जादा मिळालेली तेवढीच गोष्ट. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रिसोडला पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन. अंगात जोर आला, दाढी आली, पुढे सगळं सांगूनसवरून लग्नही झालं. दाढी आली म्हणजे बाकीचंही आपोआप येत असेल, असा माझा हिशेब. कुणाला विचारलं नाही. लाज वाटायची.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर अकोल्याचा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, "तुमचे अंडकोष मुळातच अशक्त. त्यात हार्मोन बाहेरून आयतं मिळालं की मेंदू त्यांना कामाचा निरोपच धाडत नाही. थोडंफार बीज बनत असेल, तर तेही थांबतं." इंजेक्शन काही महिने बंद ठेवून, मग शस्त्रक्रिया करून शोधता येईल. खात्री नाही.

बाहेर येताच बायकोनं विचारलं, "तुमाले दाढी पायजे का लेकरू?"

"दोनी नाई भेटत का?"

"एक सांगा न."

सात महिने बंद ठेवलं. दाढी विरळ झाली, जिना चढताना दम लागे, दुपारी दुकानात गिऱ्हाइकासमोर डुलकी येई. बायको रोज माझी हनुवटी न्याहाळायची. "कमी होऊन राह्यली," म्हणायची आणि गालात हसायची. नवऱ्याची दाढी झडते म्हणून आनंदणारी बाई वाशिम जिल्ह्यात दुसरी नसेल.

शस्त्रक्रियेत काही सापडलं नाही. "पहिल्या इंजेक्शनाच्या आधीच शोधलं असतं तर?" मी विचारलं.

"आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाला.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. दाढी परत आली. मला तिचं कौतुक उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शेलूबाजारला धाकट्या बहिणीच्या लेकराचं जावळ होतं. आठवं. वस्तरा थांबला तेव्हा ते रडून रडून माझ्या मांडीवरच झोपलं होतं. बहीण उचलायला वाकली.

"राहू दे वं बाई घडीभर," माझी बायको हळूच म्हणाली.

बहिणीनं हात मागे घेतले. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी हललो नाही.