लॅपटॉप माझा, विचारलं नवऱ्याला

आत्ताच सात रस्ता चौकातल्या लॅपटॉपच्या दुकानातून आलेय. डोकं अजून तापलेलं आहे.

मी घरून चादरींची डिझाइनं करते. टेबल खिडकीपाशी, दिवसभर ऊन. म्हणून दुकानदाराला म्हटलं, मॅट स्क्रीनचा लॅपटॉप दाखवा.

त्यानं ग्लॉसी काढला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, वहिनींना हाच घ्या की. सिरियली लई भारी दिसतात!"

मी पुन्हा सांगितलं, "अहो, मला काम करायचंय. उजेडात यावर स्वतःचं तोंडच दिसतं."

तो हसला. आणि त्या बंद, चकचकीत स्क्रीनमध्ये मला दिसलं, माझ्यामागे उभा असलेला नवराही हसत होता.

काहीही न घेता बाहेर पडले. उद्या एकटीच जाणार, दुसऱ्या दुकानात.

बायांनो, दुकानदाराचं सोडा. अशा वेळी तुमच्या घरचा माणूस काय करतो?